मालवणहून एकट्याने घाटावर: आंबोली की फोंडा?

मालवणहून कसालला आलात की ठरवावं लागतं: उजवीकडे सावंतवाडीवरून आंबोली, की डावीकडे कणकवलीवरून फोंडा घाट? बाइकवर एकटे असाल तर नीट विचार करा.

आंबोलीला वाटेत एकटं वाटत नाही. दाणोली सोडली की चढण लागते, पण एसटी, ट्रक चालूच असतात. पंक्चर झालं तर कोणीतरी थांबतंच. वर सुमारे ७०० मीटर उंचीवर गारवा आणि गुहेतून उगम पावणारी हिरण्यकेशी. पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र टाळाच. धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, शांतता शोधत निघालेल्याचा जीव मेटाकुटीला येतो.

मला फोंडा जास्त जवळचा. फोंडाघाटच्या बाजारात चहा घ्यायचा, टाकी बघायची आणि निघायचं. भातखाचरं संपतात, झाडी दाट होते, हेल्मेटच्या काचेवर दमट हवा साचू लागते. घाटमाथ्यावर दाजीपूरचं जंगल. ते ज्या राधानगरी अभयारण्यात येतं, त्याचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला. इथे गवे आहेत. संध्याकाळी एखादा रस्त्यात उभा दिसला तर हॉर्न नको, प्रखर दिवाही नको. लांबच थांबा, तो आपणहून झाडीत शिरू द्या. म्हणून हा घाट उजेडातच चढावा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, घरी वेळ सांगून ठेवा.

पहिल्यांदाच एकटे निघत असाल तर मधल्या वारी आंबोली. घाटाचा सराव असेल तर बेलाशक फोंडा.