कॉर्नेल, हैदराबादचं एनआयएन का आपलं परभणी: न्यूट्रिशन कुठं शिकावं?

मागच्या आठवड्यात जिंतूरहून माझ्या चुलत बहिणीच्या पोरीचा फोन आला. परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी कम्युनिटी सायन्सचं शेवटचं वर्ष चालू हाय, म्हणली मावशी मला इंटरनॅशनल न्यूट्रिशन आणि ग्लोबल हेल्थ करायचंय, कॉर्नेलला फॉर्म भरू का हैदराबादला एनआयएनची, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेची, परीक्षा देऊ का गुमान इथंच एमएस्सी करू. तासभर बोललो तरी माझं सांगून सरलं नाही, आणि हाच प्रश्न नांदेड हिंगोलीकडच्या अजून दोघीतिघी विचारायलेत, म्हणून इथं सगळं एकदाच लिहायलेय. मी स्वतः परभणीची, बारा वर्षं अंगणवाड्या आणि कुपोषित लेकरांच्या कामात हाय, त्यामुळं मी फिल्डच्या बाजूनं बोलणार हे आधीच ध्यानात घ्या.

पहिलं अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. न्यूयॉर्क राज्यात इथाका म्हणून छोटं गाव हाय, तिथं त्यांचा न्यूट्रिशनल सायन्सेसचा मोठा विभाग हाय, शेतीचं कॉलेज आणि ह्युमन इकॉलॉजीचं कॉलेज मिळून तो चालवतात. आता हे ह्युमन इकॉलॉजी म्हणजे काय, तर १९६९ पर्यंत त्याचं नाव होम इकॉनॉमिक्स होतं! आपल्याकडं होम सायन्सचं कम्युनिटी सायन्स झालं तसंच. आम्ही शिकत होतो तवा घरादारात म्हणायचे पोळ्या लाटायला कॉलेज कशाला पाहिजे, आणि तिकडं त्याच विषयातून जगातलं एक मोठं पोषणाचं केंद्र उभं राहिलं. तुमच्या डिग्रीच्या नावाला कुणी नाक मुरडलं तर हे सांगा त्यांना.

तिथं नेमकं काय शिकवतात हे समजायला त्यांचं एक काम सांगते जे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातच झालं. धनशक्ती नावाची जास्त लोहाची बाजरी हाय, तिच्या भाकरी आणि शेव करून १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी पोरापोरींना सहा महिने दिल्या, एका गटाला धनशक्तीच्या आणि दुसऱ्याला साध्या बाजरीच्या, कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. कॉर्नेलचे संशोधक आणि मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या न्यूट्रिशनच्या मॅडम लोकांनी मिळून केलं, २०१५ ला छापून आलं. ज्यांच्या अंगात सुरुवातीलाच लोह कमी होतं त्यांची कमतरता भरून निघायची शक्यता धनशक्तीवाल्या गटात १.६४ पट निघाली. भाकरी आपल्या आज्या पिढ्यानपिढ्या थापतात, पण भाकरीनं रक्तात काय फरक पडला हे कुणी वाद घालू शकणार नाही असं मोजून दाखवणं ही कला कॉर्नेलसारख्या ठिकाणी शिकायला मिळते. अजून एक, ग्वाटेमालात १९६९ पासून चार गावांत लेकरांना पूरक आहार देऊन अभ्यास सुरू झाला होता, दोन गावांत प्रोटीनचं पेय आणि दोन गावांत नुसतं गोड पेय, त्यावर काम केलेले ज्याँ-पियेर हबिश्ट नंतर कॉर्नेललाच प्रोफेसर होते. त्यातल्या लेकरांना मोठेपणी परत शोधून काढलं तर ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत प्रोटीनचं पेय मिळालं होतं त्यांची तासाची कमाई ४६ टक्के जास्त निघाली, पोरींच्या कमाईत मात्र तसा फरक दिसला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, आमच्या सेंटरवरची लेकरं डोळ्यापुढून हलेनात.

ही मोजमापाची शिस्त कामून लागते ते आपल्याच जिल्ह्यांतलं सांगते. राजमाता जिजाऊ मिशन २००५ ला औरंगाबादहूनच सुरू झालं, राज्य पातळीवरचं देशातलं पहिलं पोषण मिशन. बुटक्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या, लेकरांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ वर आलं, लई कौतुक झालं आणि व्हायलाच पाहिजे होतं. मग पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ ला, महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के आला आणि मीटिंगमधे लोक एकमेकांवर ओरडायला लागले की सगळी मेहनत वाया गेली. तर ३९ आणि २३ हे दोन वर्षांखालच्या लेकरांचे आकडे होते आणि ३५.२ हा पाच वर्षांखालच्यांचा, त्यांची तुलनाच होत नाही. पाच वर्षांखालचा आकडा चौथ्या पाहणीत ३४.४ होता, म्हणजे गाडी तिथंच अडकलीय हे खरं, पण ते वेगळं दुखणं. मला हे उमगायला दोन दिवस लागले, मेथडॉलॉजी शिकलेल्या माणसाला दोन मिनिटं लागली असती. परभणीनं मला शिजवायचं, तपासायचं, गावात बोलायचं शिकवलं पण एवढं स्टॅटिस्टिक्स नाही शिकवलं, ही उणीव मला अजून जाणवते.

आता पैसा. अमेरिकेत दोन वर्षांची मास्टर्स स्वतःच्या खर्चानं करायची तर फी, राहणं, विमा, तिकीट सगळं धरून आकडा कोटीच्या घरात जातो. लंडन स्कूल ऑफ हायजिनची न्यूट्रिशन फॉर ग्लोबल हेल्थची एमएस्सी एका वर्षाची हाय म्हणून खर्च निम्म्यावर येतो, पण तोही वडलांच्या जमिनीवर बोजा चढवून करावा असं मला बिलकुल वाटत नाही, कारण या क्षेत्रातल्या नोकऱ्यांचे पगार इंजिनियरसारखे नसतात, कर्जाचे हप्ते भरता भरता पोरगी जे करायला गेली तेच सोडून भलतीच नोकरी धरते. स्कॉलरशिपवर जमत असेल तर मात्र जरूर जा, अनुसूचित जातीच्या पोरापोरींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हाय, इंग्लंडसाठी कॉमनवेल्थ शेअर्ड हाय, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरूची मास्टर्स फेलोशिप हाय पण तिला तीन वर्षं कामाचा अनुभव मागतात आणि शिकून भारतात परत यावं लागतं. अमेरिकेतल्या पीएचडीचं गणित वेगळंच हाय, हे लई जणींना ठाऊकच नसतं. कॉर्नेलमधे न्यूट्रिशनची पीएचडी करणाऱ्याची फी माफ असते आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळतो. म्हणजे मास्टर्सला घरचे पैसे घालायचे आणि पीएचडीला ते आपल्याला देणार, मग मास्टर्स इथं का करू नये?

म्हणून एनआयएन. १९१८ ला तमिळनाडूत कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगाचा तपास करायला सुरू झालेली संस्था, १९५८ ला हैदराबादला आली. परभणी नांदेडच्या पोरीला हैदराबाद पुण्यापेक्षा परकं नाही, रात्री रेल्वेत बसलं की सकाळी सिकंदराबाद, आणि अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी तिकडं असतंच. अप्लाइड न्यूट्रिशनची एमएस्सी दोन वर्षांची, प्रवेश परीक्षा देऊन मिळते, सीटा कमी. पण तिथं दवाखाना, लॅब, गावातल्या पाहण्या सगळं एका छताखाली बघायला मिळतं. ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग कामून होतो हे डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी तिथंच शोधायचा प्रयत्न केला, १९६० ला ज्वारीतल्या ल्यूसिन या प्रोटीनच्या घटकावर बोट ठेवलं. त्यावर नंतर लई वाद झाले, सगळ्यांनी मान्य नाही केलं, पण आपल्या दख्खनच्या ताटातला प्रश्न घेऊन त्यांनी जगाला विचार करायला लावला हे मला फार मोठं वाटतं. फी परदेशाच्या मानानं काहीच नाही, आणि अमेरिकेतल्या प्रोफेसरला मेल लिहिताना एनआयएन म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही, त्याला ते माहीत असतं.

परभणीचं सांगायचं तर फी परवडते, घरून येणंजाणं होतं, कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) गृहविज्ञानाच्या विषयतज्ज्ञाची जागा, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची (सीडीपीओ) किंवा अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेची परीक्षा, हे जिचं ध्येय हाय तिनं डोळे झाकून इथंच करावं. विद्यापीठानं इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत परभणी शक्ती ही जास्त लोह आणि झिंकची ज्वारी २०१८ ला आणली, तिच्यावर कम्युनिटी सायन्सच्या पोरींनी करण्यासारखं ढीगभर काम हाय. नगरच्या बाजरीसारखा अभ्यास आपल्या ज्वारीच्या भाकरीवर आपल्या आश्रमशाळांत झाला पाहिजे, माझी ही फार मनापासूनची इच्छा हाय.

तीनपैकी कुठंही जायच्या आधी एक करा. दिवाळीनंतर बीड, माजलगाव, धारूरकडं जा, तिथं ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुलपं दिसतात, लेकरू कारखान्याच्या तळावर असतं, नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात, वजन कुठंच नाही. लेकराच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी हातात घ्या, साडेअकरा सेंटीमीटरच्या आत लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषणात, आलेला एखादा दंड स्वतः मोजून बघा. जमलं तर जामखेडलाही जाऊन या, आरोळे डॉक्टर नवराबायकोनी १९७० पासून गावातल्या न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं ते बघायला परदेशातली पोरं विमानानं येतात, आपल्याला बीडहून एसटी हाय. हे बघून मग ठरवा की तुम्हाला त्या लेकराजवळ रोज बसायचंय का त्याच्यासारख्या हजारांचा हिशोब मांडून सरकारचं धोरण हलवायचंय. पहिलं असेल तर परभणी. दुसरं असेल तर एनआयएन आणि पुढं पीएचडीला कॉर्नेल. स्वतःच्या पैशानं थेट परदेशी मास्टर्स मी सगळ्यात शेवटी ठेवते.

भाचीला म्हणलं रविवारी मार्कमेमो घेऊन ये, एनआयएनच्या परीक्षेची तयारी दोघी बसून ठरवू, आणि डिसेंबरात आठ दिवस माझ्यासोबत माजलगावला चल. ती म्हणली आईला तूच विचार.