मिरजेतलं आमचं संगीत विद्यालय, नवे शिक्षक आल्यावर

पाचात साडेतीन तारे. त्यातले तीन शिक्षकांचे, अर्धा संस्थेचा.

नाव लिहीत नाही. गाव छोटं आहे आणि कार्यवाह भाजी मंडईत भेटतात. एवढं सांगते की ट्रस्टचं विद्यालय आहे, एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरतं, गायन, तबला आणि पेटी शिकवतात. माझा मुलगा तबल्याला जातो, मी मोठ्यांच्या संध्याकाळच्या बॅचला गायला बसते. मी नर्स आहे, त्यामुळे नाइट असली की माझा वर्ग बुडतो. त्याबद्दल कोणी कधी तोंड वाकडं केलं नाही, हे आधीच नोंदवून ठेवते.

या जूनमध्ये तिन्ही शिक्षक एकदम बदलले. गायनाच्या बाईंना गुडघ्यामुळे जिना जमेना, तबल्याचे सर पुण्याला गेले आणि पेटीचे काका मुलाकडे राहायला गेले. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर एकच विषय. परीक्षेचं काय? आमच्याकडे बहुतेक मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. मंडळाचं कार्यालय आमच्याच गावात असल्यामुळे इथल्या आयांना त्या परीक्षेचा जरा जास्तच धाक.

आता स्वागत. संस्थेने ते गुरुपौर्णिमेला ठेवलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, अध्यक्षांचं मनोगत, उपाध्यक्षांचं मनोगत, मग ज्यांचं नाव राहून गेलं त्यांचंही मनोगत. तिन्ही नवे शिक्षक स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्च्यांत अवघडून बसलेले. निवेदकाने तबल्याच्या सरांचं आडनाव दोनदा चुकवलं. त्यांचं गाणं-वाजवणं आलं तेव्हा लहान मुलं पेंगायला लागली होती आणि तबल्याचा स्वर उतरलेला. सरांनी हातोडी काढून शांतपणे गठ्ठे ठोकायला घेतले, तर मागून कोणीतरी म्हणालं, ‘आवरा, हॉल नऊपर्यंतच आहे.’ शिक्षकांचं स्वागत करायचं तर आधी त्यांना गाऊ-वाजवू द्यावं आणि भाषणं उरलेल्या वेळात करावीत, एवढं साधं कोणाला सुचत नाही.

त्या संध्याकाळी एक गोष्ट मात्र बघण्यासारखी झाली. नव्या मॅडम गायला बसल्या, तंबोऱ्याला कोण बसणार ते ठरलेलंच नव्हतं. पहिल्या रांगेतून जुन्या बाई उठल्या, कोणाचा तरी हात धरून स्टेजवर चढल्या, स्टूल मागवलं आणि मागे बसून तंबोरा धरला. शिष्यांनी बसायच्या जागी त्या बसल्या. मॅडमनी वळून बघितलं आणि आधी वाकून नमस्कार केला, मग ‘सा’ लावला. सभागृहात तेवढा वेळ कोणाचा मोबाइलसुद्धा वाजला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वॉर्डात ड्यूटी बदलताना सिस्टर ‘ओव्हर’ दिल्याशिवाय घरी जात नाही. कोणत्या खाटेवर कोण, काय चालू आहे, रात्री काय झालं, कशाकडे लक्ष ठेवायचं. नवा शिक्षक येतो तेव्हाही मला तेच हवं असतं. जुन्या बाईंनी ते दिलं, अगदी पक्कं दिलं. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचं पान. पट्टी (गायचा मूळ सूर) कोणती, श्वास कुठे तुटतो, कुठला राग कुठवर झाला. एका पानावर ‘घरी पेटी नाही, पाठांतर इथेच करून घेणे’. एका मोठ्या मुलाच्या पानावर ‘आवाज फुटतो आहे, वर ओढू नये, मंद्रात बसवावे, लाजतो’. माझ्या पानावर काय आहे ते मॅडमनी मला दाखवलं नाही. हसल्या फक्त. जुलै-ऑगस्टमध्ये बाई रिक्षा करून येत, जिना बसत-बसत चढत आणि मॅडमच्या शेजारी बसून वर्ग बघत. या येण्याजाण्याचा एक रुपया संस्थेने दिला नाही. वार्षिक अहवालात मात्र ‘संस्थेने नव्या शिक्षकांना अनुभवी मार्गदर्शन उपलब्ध करून दिले’ असं छापलं आहे. अर्धा तारा इथेच कापला.

वहीत एका गोष्टीची नोंद मात्र नव्हती, आणि तिनेच महिनाभर घोळ घातला. लिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत. विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले ते मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. आमच्या बाई त्याच परंपरेतल्या, त्यामुळे पलुस्करांच्या लिपीत लिहिणाऱ्या. नव्या मॅडम धारवाडच्या, पंडित भातखंड्यांच्या लिपीत शिकलेल्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बघा. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंड्यांकडे तो तार म्हणजे वरच्या सप्तकातला, पलुस्करांकडे मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला. ‘म’वर उभी रेघ असेल तर एकीकडे तो तीव्र मध्यम, दुसरीकडे वरच्या सप्तकातला मध्यम. मॅडमनी फळ्यावर यमन रागाची सरगम लिहिली आणि ‘चला’ म्हणाल्या. आमच्यातल्या एक वहिनी बाईंकडे कित्येक वर्षं शिकलेल्या, लिहिलेलं प्रामाणिकपणे वाचणाऱ्या. रेघ दिसल्याबरोबर त्या जिवाच्या कराराने तार मध्यमाला भिडल्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीत आले.

मॅडमना आधी कळेचना. मग त्यांनी वहिनींची वही मागितली, दोन मिनिटं निरखली आणि पुढचा सगळा तास आमच्याकडून काही गाऊन घेतलं नाही. फळ्याचे दोन भाग केले, तीच ओळ दोन्ही लिपींत लिहिली. ताल आला तेव्हा आणखी मजा. पलुस्करांकडे सम (तालाची पहिली मात्रा) म्हणजे १ आणि ‘खाली’ (टाळी न देता हात उघडा ठेवायची मात्रा) म्हणजे अधिकचं चिन्ह. भातखंड्यांकडे सम गुणिलेचं चिन्ह आणि ‘खाली’ शून्य. खडू जरा तिरका धरला की ‘खाली’ची सम होते. ‘तुम्ही तुमचंच लिहा, मी दोन्ही वाचायला शिकते,’ असं त्या त्यांच्या धारवाडी हेलात म्हणाल्या. नवीन माणसाने आल्या आल्या सगळ्यांच्या वह्या बदलायला लावणं किती सोपं असतं! लहान मुलांना मात्र त्या भातखंडे लिपीतच सुरुवात करून देतात. मला ते पटलं.

दुसरी गोष्ट तंबोऱ्यांची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या विद्यालयाने पेढे वाटले. आणि त्याच वेळी वर्गात काय चालू होतं? इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा. तोही बिघडला की कोणाच्या तरी मोबाइलवरचं अॅप, मध्येच फोन आला की सूर बंद. देणगीत आलेले दोन तंबोरे, एक मोठा आणि एक बायकांच्या पट्टीचा, गवसणीत गुंडाळून कपाटावर पडलेले. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ते खाली काढायला लावले. एकाची खुंटी फिरत होती, दोन्हींची जवारी, म्हणजे तारेची गुंज, गेलेली, तारा गंजलेल्या. त्या स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन सतारमेकर गल्लीत गेल्या. मी सोबत होते, कारण त्यांना गल्ली माहीत नव्हती आणि माझी सुट्टी होती.

दुकानातल्या कारागिराने तार छेडून नुसतं ऐकलं. मग घोडी कानसीने इतकी हलकी घासली की काही पडलेलं दिसेना, पुन्हा तार, पुन्हा कान. तारेखाली सुताचा तुकडा सरकवत सरकवत एका जागी आणला आणि तार एकदम गुंजायला लागली. मॅडम म्हणाल्या, ‘जवारी थोडी बंद ठेवा, किराणा घराण्याला एवढी खुली नको.’ तो म्हणाला, ‘खाँसाहेबांच्या गावात सांगताय होय?’ दोघंही हसले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, इथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि मॅडम कामावर रुजू व्हायच्या आधी तिथे जाऊन आल्या होत्या. हे त्यांनी गुरुपौर्णिमेला स्टेजवरून सांगितलं नाही, गल्लीत सांगितलं.

दुरुस्तीचं बिल संस्थेकडे गेलं, तर खजिनदारांचा प्रश्न, ‘डबा असताना याची गरज काय?’ मंजूर झालं शेवटी, पण तीन सह्या घेऊन. आता आमच्या बॅचला एक तंबोरा बायकांच्या काळी चार पट्टीला आणि एक पुरुषांच्या काळी एकला असतो. बॅचमध्ये दोन काका आहेत, आमच्या पट्टीत त्यांचा जीव जायचा आणि त्यांच्या पट्टीत आम्ही पुटपुटायचो. मॅडम आधी बायकांना गाऊन घेतात, मग काकांना, आणि ज्यांची पाळी नसते त्यांनी हाताने ताल धरायचा. शिकणं ऐकण्यातूनही होतं, हे मला या वयात नव्यानेच कळतंय.

तबल्याचे सर तरुण आहेत, सांगलीहून बाइकवर येतात. हात गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांचा ‘तिट’ हा बोल बघितला आणि सांगितलं की बोटं वेगळी ठेवायला हवीत. आधीचे सर तीन बोटं आणि मग तर्जनी असं शिकवायचे, हे नवे सर दिल्लीच्या दोन बोटांच्या बाजाचे, म्हणजे वाजवायच्या शैलीचे. मुलगा घरी येऊन रडला, दोन वर्षांचं सगळं चुकलं म्हणून. मी भेटायला गेले, जरा रागातच. सर म्हणाले, ‘ताई, चुकलं काहीच नाही, घर वेगळं आहे.’ मग त्यांनी सगळ्या पालकांना बोलावून ठरवलं, की जी मुलं हिवाळ्याच्या सत्राला बसणार आहेत त्यांनी जुन्याच हाताने परीक्षा द्यायची, बदल त्यानंतर. लहान बॅचला आत्तापासून नवा हात. यात शहाणपण आहे. मुलगा आता दिल्लीचा ‘धा धा तिट धा धा तूंना’ हा कायदा (तबल्याची रचना) जेवणाच्या ताटावर वाजवतो, आणि बोटं नकळत बदललीही आहेत.

पण हेच सर हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत गायब असतात. कीर्तनाच्या साथीला जातात, त्यांची ती कमाई आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ऑफिसबद्दल आहे. सर आदल्या दिवशी कळवतात, पण ऑफिसमधून निरोप येत नाही, आणि मुलं माडीवर जाऊन कुलूप बघून परत येतात. शिक्षकांना इथे ठरावीक पगार नाही, विद्यार्थ्यामागे फीमधला हिस्सा मिळतो. विद्यार्थी गळला की शिक्षकाचा खिसा हलका. त्यामुळे नव्या माणसाला मुलावर ओरडायलासुद्धा विचार करावा लागतो, आणि बाहेरची कामं घ्यावीच लागतात. शालीचा खर्च त्यात घातला असता तर बरं झालं असतं.

पेटीच्या नव्या मॅडमबद्दल फार सांगता येणार नाही, आमचा संबंध कमी येतो. पालक सांगतात की वक्तशीर आहेत आणि भाता मारताना खांदा उडवलेला त्यांना खपत नाही.

ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. फी जूनपासून सहाशेची आठशे झाली, आठवड्याला दोन तास. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, तर मागा. जिना अंधारा आहे, लहान मुलाला सोडायला वरपर्यंत जा. पावसाळ्यात पश्चिमेच्या खोलीत गळतं, तिथे तबल्याची जोडी ठेवू देऊ नका. गायनाला मोठ्यांच्या बॅचमध्ये सध्या जागा आहे, लहानांच्या शनिवारच्या बॅचला नाव लिहून थांबावं लागेल. आणि दुसरीकडे शिकून आलेला असाल तर पहिल्या दिवशी जुनी वही बरोबर न्या. मॅडम आधी तीच मागतात.