बचत कागदावर, फी खिशातून : सल्लागार कंपनीने आम्हाला कसं फसवलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपचा फोटो सध्या एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीच्या सादरीकरणात ‘यशोगाथा’ म्हणून फिरतोय. सांगलीच्या एका उद्योजकांनी तो मला पाठवला आणि विचारलं, “वहिनी, यांना बोलवावं म्हणतोय. तुमचा अनुभव कसा आहे?” फोटोखाली लिहिलंय : रिजेक्शनमध्ये (म्हणजे खराब निघून बाद होणाऱ्या मालात) 38 टक्के घट, दीड वर्षात कारखान्याचा कायापालट. तो आकडा कसा तयार झाला हे मी आतून पाहिलंय. हिशेबाची वही, डेबिट नोटा, ईमेल, सगळं माझ्याकडे आहे. ही माणसं आता सांगली, इचलकरंजीकडे फिरतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

सासऱ्यांनी उद्यमनगरात दोन लेथवर सुरू केलेला हा धंदा. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, घ्यायचं, व्हीएमसी आणि सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर मशीनिंग करायचं आणि पंप व वाहन कंपन्यांना पुरवायचं. अकाउंट्स आणि कामगारांचं सगळं मी बघते, उत्पादन माझे मिस्टर आणि दीर. 2021 च्या शेवटी मोठ्या ग्राहकाने स्पष्ट सांगितलं होतं की दर कमी करा, माल वेळेत द्या, नाहीतर दुसरा पुरवठादार शोधतो. म्हणजे बदल हवाच होता. कुठला माल ठेवायचा, कुठला सोडायचा, मशीनवरचा वेळ कसा वाचवायचा, पुढच्या पिढीने काय बघायचं, हे ठरवायला बाहेरचा जाणकार माणूस हवा असं घरात सगळ्यांचं मत पडलं.

पुण्यात ऑफिस असलेल्या या कंपनीचे वरिष्ठ भागीदार स्वतः आले. माणूस अभ्यासू, बोलणं मुद्द्याचं. ‘निदान’ फुकट करून दिलं. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं : संस्थेतले 70 टक्के बदल अपयशी ठरतात. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की धोरण कुणीही लिहून देईल, आम्ही ते तुमच्या शॉप फ्लोअरवर राबवून देतो आणि फीचा मोठा भाग बचत झाल्यावरच घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यांचंही नुकसान-फायदा आपल्याबरोबरच बांधलेलं आहे.

डिसेंबर 2021 मध्ये करार झाला. आगाऊ रक्कम, दरमहा ठरावीक फी आणि ‘सिद्ध झालेल्या बचतीच्या’ 15 टक्के. बचत मोजायची ती नुकत्याच संपलेल्या तिमाहीशी तुलना करून, म्हणजे जुलै ते सप्टेंबर 2021. वाचताना हे अगदी सरळ वाटतं. पण कोल्हापूरकरांना ते महिने वेगळे सांगायला नकोत. जुलै 2021 मध्ये पंचगंगेचा महापूर आला, शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. नदीकाठच्या गावांतले आमचे सेटर, म्हणजे मशीनची जुळवणी करणारे कामगार, कामावर येऊ शकले नाहीत, वीज गेली, कास्टिंग गंजलं, नवख्या पोरांनी मशीन चालवली. त्या तिमाहीत आमचं रिजेक्शन 9 टक्के होतं. एरवी ते साडेपाचच्या आसपास असतं. दीड वर्षाने त्यांनी दाखवलेला आकडा 5.6 होता. म्हणजे आम्ही पुराआधी होतो तिथेच परत आलो होतो, आणि पूर ओसरल्याची फी मात्र त्यांनी आमच्याकडून मागितली. हीच ती 38 टक्क्यांची घट. बाकीच्या युक्त्या नंतर कळल्या, पण मुळातली लबाडी ही होती. निदानाच्या वेळी त्यांनी आमचे तीन वर्षांचे आकडे नेले होते. कुठले महिने खराब आहेत ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

सही झाल्यावर भागीदारसाहेब पुन्हा शॉपवर उभे राहिलेले कुणी पाहिले नाहीत. दोन पोरं आली, नुकतीच एमबीए झालेली. स्वभावाने चांगली, पण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) वाचता येत नव्हता. त्यांनी भिंतीवर फलक लावले, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, रोजचे तक्ते भरायला लावले. आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना तक्त्यासाठी दिवसाचा तासभर जायला लागला.

एका संध्याकाळी मामा ऑफिसात आले. म्हणाले, “वहिनी, लाल क्रेटमधलं कास्टिंग पिवळ्या क्रेटमध्ये टाकाय सांगत्यात. ते कुठनं दुरुस्त हुणार?” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनिंग करताना कास्टिंगच्या पोटात ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं की तो नग लाल क्रेटमध्ये जातो. तो फाउंड्रीला परत पाठवायचा आणि त्यांच्या नावाने डेबिट नोट काढायची, म्हणजे पैसे परत. पिवळं क्रेट ‘रीवर्क’साठी, जे हाताने किंवा पुन्हा मशीनवर घेऊन दुरुस्त होतं ते. ब्लो होल पडलेला नग काही दुरुस्त होत नाही. पण पिवळ्यात टाकला की तो रिजेक्शनच्या आकड्यात धरला जात नाही. मी मागे जाऊन बघितलं तर कॉम्प्रेसरच्या शेडमागे पिवळी क्रेटं एकावर एक रचलेली, वर ताडपत्री. वही काढली तर त्याच महिन्यांत फाउंड्रीच्या डेबिट नोटा जवळपास थांबलेल्या. आमच्या फाउंड्रीबरोबरच्या ठरावाप्रमाणे 60 दिवसांनंतर परत आलेला माल ते घेत नाहीत. त्या क्रेटांतला बहुतेक माल शेवटी भंगारात गेला, आणि भंगाराचा दर कास्टिंगच्या दराच्या जवळपासही नसतो.

ही गोष्ट ईमेलने विचारल्यावर उत्तर आलं, “व्याख्या प्रमाणित करण्यात आल्या आहेत.”

मार्च 2023 मध्ये बचतीचं विवरणपत्र आलं. एकूण 74 लाख. त्यात 27 लाख रिजेक्शनचे, ते वर सांगितलेच. 32 लाख ‘टाळलेला खर्च’, म्हणजे एक नवी व्हीएमसी घ्यावी लागली नाही म्हणून. ती घ्यायचा विचार आमच्या घरात कधी झालाच नव्हता, कोटेशनसुद्धा मागवलेलं नव्हतं. त्यांनीच आपल्या निदानात ‘मशीनची कमतरता भासेल’ असं लिहिलं, त्यांनीच नंतर ती भासली नाही असं लिहिलं आणि फरक बचतीत धरला. उरलेले 15 लाख सुटेभागांची खरेदी पुढे ढकलली आणि पुरवठादारांची देणी 90 दिवसांवर नेली त्याचे. यावर 15 टक्क्यांनी 11 लाख 10 हजारांचं बिल, वर 18 टक्के जीएसटी. आमचं बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे उचलीचं) खातं मात्र वर्षभर मर्यादेला टेकलेलंच होतं. 74 लाख खरंच वाचले असते तर ते बँकेच्या खात्यात कुठेतरी दिसले नसते का?

देणी 90 दिवसांवर नेण्याचा सल्ला तर सरळ कायद्याच्या विरोधात होता. ज्या फाउंड्रीकडून आम्ही माल घेतो तो लघुउद्योग आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तर 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 43बी(एच) मुळे मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणूनही मिळेनाशी झाली. सल्लागाराने ज्याला ‘खेळत्या भांडवलात सुधारणा’ म्हटलं, ते आमच्याच शेजाऱ्याचे अडवून धरलेले पैसे होते. फाउंड्रीचे मालक सासऱ्यांचे जुने मित्र. त्यांनी तक्रार केली नाही, पण आमच्याशी बोलणं कमी केलं. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पाळ्यांचंही तसंच झालं. तीन पाळ्यांच्या दोन करा, म्हणजे सेटरचे पगार वाचतील, असा त्यांचा आराखडा. ‘बदलाला विरोध हा स्वाभाविक असतो, ठाम राहा’ असं त्यांनी लेखी दिलं. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9अ होतं : कामाच्या वेळा बदलायच्या तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यायला हवी. कायद्याच्या पालनासाठी वेगळी फी घेणाऱ्या कंपनीने याचा एका ओळीत उल्लेख केला नाही. आमचे दोन जुने सेटर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत दुसरीकडे गेले. कामगार विरोध करतात म्हणून बदल फसतो असं ऐकवलं जातं. आमच्याकडे तरी कामगार जे बोलत होते ते अक्षरशः बरोबर होतं : बारा तास उभं राहून तासाला तितकेच नग निघणार नाहीत.

कार्यक्रमाचा भाग म्हणून आयएसओ 9001 चं प्रमाणपत्रही मिळवून दिलं होतं. ग्राहकाच्या ऑडिटरने ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या (प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या) मंडळाची मान्यता आहे का, ते ग्राहक बघतो. आमच्या प्रमाणपत्रावरच्या संस्थेला अशी कुठलीच मान्यता नव्हती. हे ऑनलाइन तपासायला पाच मिनिटं लागतात.

त्यातून पुढे त्यांनी करार वाढवा म्हणून गळ घातली. मार्च 2023 मध्येच केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना (लीन म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची पद्धत) आली होती, त्यात सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भाग सरकार उचलतं. “आमची फी तुम्हाला सरकारकडून परत मिळेल,” असं सांगितलं. ती योजना खरी आहे आणि चांगली आहे. पण तिचे पैसे योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून, योजनेच्या पद्धतीने झालेल्या कामालाच मिळतात. आपण खाजगीत कुणाबरोबर केलेल्या कराराचे नाहीत.

आम्ही बचतीचं बिल नाकारलं तेव्हा भागीदारसाहेबांचं शेवटचं पत्र आलं. त्यात तीच पहिली स्लाइड होती : 70 टक्के बदल अपयशी ठरतात आणि त्याचं कारण नेतृत्वाची बांधिलकी कमी पडणं. विकतानाही तोच आकडा, हात झटकतानाही तोच. मी त्याचा माग काढला. 1993 साली मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी या व्यवस्थापन लेखकांनी आपल्या पुस्तकात कामाच्या पुनर्रचनेबद्दल 50 ते 70 टक्के अपयशाचा अंदाज मांडला होता आणि तो शास्त्रीय नाही हे त्यांनी स्वतःच तिथे लिहिलं होतं. 2011 मध्ये मार्क ह्यूज या अभ्यासकाने वेगवेगळ्या ठिकाणी छापलेले हे 70 टक्क्यांचे दावे तपासले, त्यांमागे विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. तरी आजही ती स्लाइड दाखवली जाते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. लीन, फाइव्ह एस (कामाच्या जागी टापटीप ठेवायची पद्धत), ही काही थोतांडं नाहीत. ते लोक गेल्यावर मामांनी आणि आमच्या सेटरनी मिळून एकच काम धरलं, जॉब बदलताना मशीन थांबते तो वेळ. टोयोटाबरोबर काम केलेल्या शिगेओ शिंगो यांनी हीच पद्धत बसवली : मशीन चालू असताना जे करता येतं ते आधीच करून ठेवायचं. पुढच्या जॉबचे जॉज, टूल होल्डर, गेज आणि पहिल्या नगाचं ड्रॉइंग एका ट्रॉलीवर लावून ती मशीनशेजारी आणून उभी करायची. आधी सेटर मशीन बंद करून मग टूल रूमकडे चालत जायचा. एका व्हीएमसीवर दीड तासाचं काम पाऊण तासावर आलं. फलक नाही, तक्ता नाही. पाळीच्या सुरुवातीला मशीनजवळ दहा मिनिटं उभं राहून बोलतात, तेवढंच. पाळ्या पुन्हा तीन केल्यात. फाउंड्रीची थकलेली देणी व्याजासकट चुकती केली.

आता सही करणाऱ्यांसाठी. तुलनेचे महिने स्वतः ठरवा, किमान दोन वर्षांची सरासरी धरा, पूर, संप, लॉकडाउनचे महिने वगळा. बचत मोजणारा आणि बचतीवर फी घेणारा एकच असू देऊ नका, मोजणी तुमच्या सीएकडे द्या. ‘टाळलेला खर्च’ हा शब्द करारातून काढायला लावा. रिजेक्शन, रीवर्क यांच्या व्याख्या आज तुमच्या शॉपवर आहेत त्याच लिहून घ्या. शॉपवर कोण येणार, आठवड्यात किती दिवस, हे नावानिशी लिहून घ्या, आणि तो माणूस बदलला तर करार संपवायचा हक्क ठेवा. जुन्या ग्राहकांचे संदर्भ त्यांनी दिलेल्या मालकांकडून घेऊ नका, तिथल्या फोरमनशी बोला. आणि कारखान्याचं नाव किंवा फोटो लेखी परवानगीशिवाय वापरायचा नाही, हे कलम घाला. आमच्या करारात ते नव्हतं.

वादाचं कलम शेवटच्या पानावर असतं, ते सगळ्यात आधी वाचा. आमच्या करारात लवादाचं ठिकाण दिल्ली होतं आणि लवाद नेमायचा हक्क फक्त त्यांना. पोलिसांनी ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज परत केला. वकिलांनी मात्र सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा पर्किन्स ईस्टमन खटल्यातला निकाल दाखवला : निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही. त्या आधारावर त्यांनी नेमलेल्या लवादाला आम्ही हरकत घेतली आणि दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. फोटो काढून टाकण्याची नोटीसही गेली. डेबिट नोटा, पिवळ्या क्रेटांचे तारीख असलेले फोटो आणि मामांनी रोज पेन्सिलीने लिहिलेली पाळीची वही, हे तिन्ही पुरावे म्हणून जोडलेत.