२.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेल सेट: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा हा रेडिओ सेट, म्हणजे हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर, मागच्या दिवाळीत साडेचार हजारांना घेतला. स्क्रीन, मेमरी, मिक्सिंग याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते फक्त सिग्नलबद्दल, कारण माझं पहिलं ट्रेनर, म्हणजे बालसा लाकडाचं शिकाऊ विमान, २००८ साली सिग्नलपायीच गेलं.

तेव्हा आमच्याकडे ७२ मेगाहर्ट्झचे सेट होते. माझा फ्रिक्वेन्सी चॅनेल २१, म्हणजे ७२.२१०. ट्रान्समीटरमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारा एक क्रिस्टल आणि रिसीव्हरमध्ये त्याचा जोडीदार. माळावर एक लाकडी फळी असायची, तिला आकडे लिहिलेले कपड्यांचे चिमटे लावलेले. आपल्या आकड्याचा चिमटा अँटेनाला लावल्याशिवाय सेट चालू करायचा नाही, हा नियम. त्या सकाळी एका मुलाने गाडीपाशीच सेट चालू करून बघितला. त्याचाही २१. माझं विमान एकदम उजवीकडे कललं. मी स्टिक पूर्ण डावीकडे धरून उभा होतो आणि ते नाकावर जमिनीत गेलं. दोन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर बसून जोडलं होतं.

त्यामुळे या सेटने पहिले तीन महिने मला खरंच सुख दिलं. चिमटा नाही, फळी नाही, 'एकवीसवर कोण आहे रे?' म्हणून ओरडणं नाही. बाइंड करताना, म्हणजे दोघांची जोडी जुळवताना, रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरचा ओळख क्रमांक लक्षात ठेवतो, मग दोघं ठरलेल्या क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. रविवारी पाच-सहा विमानं एकदम हवेत असतात, कोणाचं कोणाला लागत नाही. मी तर चारचौघांत सांगत होतो, हा सेट डोळे मिटून विकत घ्या.

फेब्रुवारीत विमान उसात गेलं.

शंभर-सव्वाशे मीटरवर वळण घेत होतो आणि स्टिकला उत्तरच येईना. विमान त्याच वळणात, त्याच थ्रॉटलवर, म्हणजे मोटरच्या त्याच वेगावर, गोल गोल खाली गेलं. शोधायला गेलो तर प्रॉप (पुढचा पंखा) उसाच्या पाचटात अडकलेला, आणि मोटरला अजून वीज जात होती. जळका वास आधी आला, विमान नंतर दिसलं. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, गेला, नऊशे रुपये. दुकानदार म्हणाला, "पडलेल्या विमानातल्या रिसीव्हरला वॉरंटी नसते." तीन आठवडे फोनाफोनी केली. तेव्हा लिहिलं असतं तर या सेटला दोन तारे दिले असते.

मग आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "अरे, कॅमेऱ्याचं वायफाय बंद करतोस ना उडवताना?"

करत नव्हतो. फोनवर चित्र बघता यावं म्हणून चालूच असायचं, आणि कॅमेरा रिसीव्हरपासून चार बोटांवर चिकटवलेला. वायफायही २.४ मध्येच. हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे त्यात सगळेच येतात. दुसऱ्याचा सेट आपल्याला लागू नये म्हणून एवढा जपणारा मी, भांडणारा माझ्याच विमानात बसवला होता. रेंज चेक मोडमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर कमी करून, पावलं मोजत मागे गेलो. वायफाय चालू असताना बाराव्या पावलाला सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) अडखळायला लागले. बंद केल्यावर तीस पावलांवरही सरळ चालले.

अँटेनाही बघितल्या. रिसीव्हरच्या दोन्ही वायरींच्या टोकाला ३१ मिलिमीटरचा उघडा भाग असतो. २.४ च्या लहरीचा तो पाव हिस्सा, खरी अँटेना तेवढीच. माझी एक बॅटरीखाली दबलेली, दुसरी पंखातल्या कार्बन रॉडला चिकटलेली. आता दोन्ही स्ट्रॉमध्ये घालून एकमेकींना काटकोनात बसवल्यात. पस्तीस पावलं मिळतात. सिग्नलसाठी या सेटला दोष देणं चूक होतं, ते मी मागे घेतो. दुकानदारालाही तसं फोन करून सांगितलं.

पण फेलसेफबद्दल माझा राग तसाच आहे. फेलसेफ म्हणजे सिग्नल गेला की थ्रॉटल आपोआप शून्यावर यावा ही सोय. या सेटमध्ये फेलसेफ कारखान्यातूनच बंद येतो, आणि माहितीपुस्तिकेत त्याच्यावर दीड ओळ. चार मेन्यू आत जाऊन चालू करावा लागतो. विमान पडणं मला समजतं, पण सिग्नल नसताना मोटर फिरत राहणं समजत नाही. उसाऐवजी तिथे खुरपणीच्या बायका असत्या तर? हा विचार अजून रात्री येतो. नवा सेट घेतलात तर विमानात बसवण्याआधीच, प्रॉप काढून, हे करा: थ्रॉटल थोडा वर, ट्रान्समीटर बंद, मोटर थांबते का बघा. रिसीव्हर दर वेळी नव्याने बाइंड केलात तर पुन्हा बघा, माझ्याकडे एकदा सेटिंग उडालं होतं.

बाकी बॅटरी ठीक टिकते, स्टिक अजून ढिल्या झाल्या नाहीत. साडेचार हजारांत चार तारे. पाचवा फेलसेफसाठी राखून ठेवलाय.