नवा फ्लॅट : आधी घर लावायचं, की आधी छंदाची जागा?

पुण्यात भाड्याने फ्लॅट घेतला की लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. "सगळं एकदा लागू दे, मग रियाजाला बसू," असं म्हणत त्यातले तीन-चार महिने सहज निघून जातात. कारण घर पूर्ण लागलं असा दिवस येतच नाही. पडदे झाले की गीझर बिघडतो, गीझर झाला की पाहुणे येतात. म्हणून सामान हलवायच्या आधीच हे ठरवून टाकावं.

आधी घर

घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर यावर वाद नको. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायची जागा पहिल्या दोन-तीन दिवसांत लागलीच पाहिजे. या पद्धतीचा दुसरा फायदा म्हणजे घराची ओळख होते. कोणत्या खोलीत रस्त्याचा आवाज येतो, संध्याकाळी लिफ्टशेजारी किती गडबड असते, कोणत्या भिंतीला ओल येते, हे राहिल्याशिवाय कळत नाही. ओलीचं तर पहिला पावसाळा काढल्याशिवाय खरं समजतच नाही.

तोटा एकच, पण मोठा. नव्या घरात दिवसाची घडी नव्याने बसते. सकाळचा किंवा रात्री जेवणाआधीचा जो अर्धा तास पूर्वी आपला होता, तो पहिल्याच महिन्यात दुसऱ्या कशाला तरी जातो आणि मग परत मिळत नाही.

आधी छंद

इथे खर्च जवळजवळ शून्य आहे. एक कोपरा, एक सतरंजी, एक दिवा आणि एक ठरलेली वेळ. बाकीची खोकी बंद राहिली तरी चालतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, सोसायटीचा पार्किंग स्टिकर, वायफाय, गॅस ही कामं आपापल्या गतीने होतात. त्यांच्यासाठी रोजची संध्याकाळ अडवून ठेवायची गरज नसते. एकटे किंवा दोघंच राहणार असाल तर माझं मत सरळ याच बाजूला आहे.

मात्र सगळे छंद सारखे नसतात. खंड पडला तर काय बिघडतं, हे पाहून क्रम लावावा.

तबला, पेटी, गाणं यांची जागा सर्वात आधी लावावी. हात आणि गळा वाट बघत नाहीत. फर्निचर नसलेला फ्लॅट घुमतो आणि गाणाऱ्याला आपलाच आवाज फसवतो. पडदे लागेपर्यंत गाद्या आणि कपड्यांच्या बोचक्यांच्या खोलीत बसावं, फरक लगेच ऐकू येतो. तबल्याचा प्रश्न वेगळा आहे. डग्ग्याचा घुमारा फरशीतून थेट खालच्या घरात उतरतो. नुसत्या सतरंजीने तो अडत नाही, खाली जाड गादी हवी आणि बैठक बाहेरच्या भिंतीकडे घ्यावी. पहिल्याच आठवड्यात खालच्या काकूंना भेटून "मी साडेसात ते सव्वाआठ वाजवते, त्रास होत असेल तर वेळ बदलते," असं सांगून यावं. नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र १० ते ६ धरतात. पण सोसायटीत नियमापेक्षा ही भेट जास्त उपयोगी पडते. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याचं चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो, म्हणून त्याचा कोपरा ओल येणाऱ्या भिंतीपासून लांबच असावा.

बागेच्या बाबतीत मात्र घाई नको. कुंड्या सोबत येतील, त्यांना पाणी द्यायचंच. पण स्टँड, हुक, नव्या कुंड्या यांवर लगेच पैसे घालू नयेत. डिसेंबरात फ्लॅट बघायला गेलात तर दक्षिणेची गॅलरी उन्हाने भरलेली दिसते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. एप्रिलपासून तो डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली गॅलरीवर पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मोगऱ्याला बहरासाठी ऊन हवं, नेमकं तेव्हाच ते नसतं. फुलझाडं हवी असतील तर पूर्वेची गॅलरी सर्वात निर्धोक. पश्चिमेला उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधावी लागते.

पुस्तकं खुशाल खोक्यांत थांबू देत. फक्त हाताशी हवीत तेवढी चार-पाच बाहेर काढावीत. कपाट आतल्या भिंतीला आणि भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवावं.

शिवणकाम आणि चित्रकला यांत वेळेपेक्षा टेबल महत्त्वाचं. जेवणाचं टेबल वापरलं तर रोज सगळं मांडा आणि रोज आवरा, यातच उत्साह संपतो. दोन फुटांचं का होईना, पण न आवरता सोडून देता येईल असं टेबल खिडकीशी लावा. सोफा महिनाभर उशिरा आला तरी काही अडत नाही.

घर अजून ठरायचं असेल तर नकाशावर ऑफिसबरोबर क्लासही मांडा. वनाज ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४पासून पूर्ण मार्गावर धावते. क्लास कोथरूडला आणि ऑफिस कल्याणीनगरला असेल तर याच मार्गावरच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असा छोटा फ्लॅट घ्यावा. लांबच्या प्रशस्त फ्लॅटमध्ये एक खोली जास्त मिळेल, पण आठवड्यातून दोनदा गर्दीच्या वेळी शहर ओलांडून क्लासला जाणं फार काळ टिकत नाही.