कॉल डेस्कसाठी प्रायव्हसी फिल्टर: घ्याच, पण पडदा मापून

गोव्यात फोन करणाऱ्याचं नुसतं नाव झाकून भागत नाही. डिचोलीतला एखादा वाडा आणि 'गरोदर, रक्तस्राव' एवढं पडद्यावर कुणी वाचलं, की घर ओळखलंच. म्हणून १०८ किंवा ११२ असो, की इस्पितळाचा लहानसा रुग्णवाहिका कक्ष, कॉल घेणाऱ्याच्या मॉनिटरवर प्रायव्हसी फिल्टर, म्हणजे बाजूने पाहणाऱ्याला मजकूर दिसू न देणारं पातळ आवरण, हवंच.

या फिल्टरमध्ये खिडकीच्या झडपांसारख्या बारीक उभ्या पट्ट्या असतात. समोरून मजकूर स्वच्छ दिसतो, बाजूला साधारण ३० अंशांपलीकडे पडदा काळा पडतो. पाठीमागे उभ्या असलेल्याला मात्र सगळं वाचता येतं, तेव्हा खुर्चीची पाठ भिंतीकडे ठेवा. मॉनिटर उभा फिरवला तर पट्ट्या आडव्या होतात आणि शेजाऱ्यापासून काहीच लपत नाही.

खरेदीत फसगत होते ती मापात. २४ इंच म्हटलं तरी १६:९ पडद्याचा दिसणारा भाग सुमारे ५३१ × २९९ मिलिमीटर भरतो, १६:१०चा ५१७ × ३२३. चौकट सोडून मोजा.

खरी अडचण दोन मॉनिटरच्या डेस्कवर येते. कॉलची नोंद एकीकडे, नकाशा दुसरीकडे. कडेचा पडदा तिरका पडला की खुद्द कॉल घेणाऱ्यालाच तो काळा दिसतो, आणि ऐन घाईत फिल्टर काढून ड्रॉवरमध्ये जातो. दोन्ही पडदे आतल्या बाजूला वळवून बसणाऱ्याच्या तोंडासमोर आणा. फिल्टरने उजेड बराच कमी होतो, तेव्हा ब्राइटनेस वाढवा. चकचकीत बाजूवर ट्यूबलाइट उमटते. मॅट बाजू बाहेर ठेवा. पावसाळ्यातल्या दमटपणात चिकटपट्ट्या सुटतात. वरून अडकवायचा प्रकार घेतलेला बरा, पुसायलाही तो चटकन निघतो.

आवाजाला मात्र फिल्टर नाही. पत्ता खात्रीसाठी परत म्हणावाच लागतो. नाव आणि फोन नंबर तेवढे फोन करणाऱ्याकडून वदवून घ्या, आपण मोठ्याने उच्चारू नका. स्पीकर बंद, हेडसेट कानाला. अपघात पाहून फोन करणाऱ्या मदतकर्त्यावर तर नाव सांगायची सक्ती करताच येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १३४अ आणि त्याखालचे नियम ते संरक्षण देतात. सॉफ्टवेअरमध्ये नावाचा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नसेल, तर आधी ते बदलून घ्या.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे घटना क्रमांक, गाव आणि गाडीचा नंबर एवढंच दाखवा.