जानेवारीच्या घरात पट्टणकोडोलीचे घोंगडे

टोरांटोत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पदपथांच्या कडेला नाताळची वाळलेली झाडे पडलेली दिसतात, महापालिकेच्या गाड्या ती उचलून नेतात आणि त्याच सुमारास दुकानांतून ‘हिवाळी सजावट’ म्हणून निराळा माल मांडला जातो : चंदेरी फांद्या, कापसाचा बर्फ, पांढऱ्या कृत्रिम फरच्या उशा. खिडकीबाहेर मार्च संपेपर्यंत पांढऱ्या आणि करड्याखेरीज फारसा रंग दिसत नाही. मग तोच रंग विकत घेऊन घरात का मांडावा, हे मला कधीच पटलेले नाही. दिव्यांच्या माळा आणि लाल फिती उतरवल्यावर दिवाणखाना ओकाबोका होतो, आणि त्या वेळी त्याला डोळ्यांना व हाताला जाणवेल अशी ऊब हवी असते. आमच्याकडे हे काम सध्या एक घोंगडे करते, आणि सजावटीची वस्तू म्हणून त्याचे परीक्षण करावे इतके ते चांगले ठरले आहे.

हे घोंगडे कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे आहे. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि त्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, यावरून धनगर समाजाच्या जगण्यात लोकरीचे स्थान काय आहे ते कळावे. दख्खनी मेंढीची लोकर कातरून, पिंजून, चरख्यावर सूत काढले जाते. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली जाते, त्यामुळे धागा ताठ राहतो आणि मागावर तुटत नाही. रंग मेंढीचाच असतो. आमचे घोंगडे काळे असून दोन्ही कडांना करड्या-पांढऱ्या रेघा आहेत. पण दिव्याजवळ नेल्यावर त्या काळ्यात तपकिरी, राखाडी आणि मधूनच तांबूस केस वेगवेगळे दिसतात. रंगवलेल्या कापडाला ही खोली येत नाही. लांबी सुमारे नऊ फूट, रुंदी चार, वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे विमानाच्या तेवीस किलोंच्या बॅगेत ते सहज बसते. मी त्याला अडीच हजार रुपये दिले आणि हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या वस्तूसाठी ही किंमत मला कमीच वाटते, कारण लोकरीला भाव नसल्यामुळे कित्येक मेंढपाळांना कातरणीचा खर्चसुद्धा परवडेनासा झाला आहे.

घोंगडे काळे असल्यामुळे ते कुठे ठेवायचे याचा विचार करावा लागतो, आणि याच ठिकाणी त्याचे यश किंवा अपयश ठरते. टोरांटोत डिसेंबरअखेर दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. अशा वेळी गडद सोफ्यावर घोंगडे टाकले तर खोलीचा तो कोपरा गिळल्यासारखा होतो. फिकट सोफ्याच्या पाठीवर, अर्धी घडी करून, दशा (टोकांचे मोकळे धागे) पुढे सोडून ते टाकले आणि बाजूला २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा ठेवला की त्याचा पोत उठून दिसतो. थंड पांढऱ्या प्रकाशात मात्र तेच घोंगडे निर्जीव वाटते. त्यावर हळदी रंगाच्या खणाची एक उशी पुरेशी होते. शेजारी मातीच्या उंच भांड्यात लाल सालीच्या डॉगवूडच्या काड्या ठेवल्या आहेत. हे झुडूप इथलेच आहे, हिवाळ्यात पाने गळल्यावर त्याच्या फांद्या लालभडक होतात, आणि नाताळच्या कुंडीसाठी आणलेल्या काड्या सणानंतर फेकून देण्याचे काही कारण नसते. काळा, हळदी आणि लाल असा हा मेळ आपल्या देवघरातला असल्याने तो मुद्दाम जुळवल्यासारखा वाटत नाही.

घोंगड्याचा खरा उपयोग संक्रांतीला कळतो. इथल्या मराठी घरांत रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, आणि संक्रांतीला काळे नेसण्याची आपली रीत असल्यामुळे काळ्या घोंगड्याची बैठक त्या दिवशी अगदी शोभून दिसते. लाकडी फरशीवर खाली एक पातळ सतरंजी घालून वर घोंगडे अंथरले तर ते सरकत नाही आणि गारवा वर येत नाही. सांडलेली हळद काळ्यावर फारशी दिसत नाही, मात्र तिळगुळाचा पाक चिकटला तर तो सुकू देऊन बोथट सुरीने खरवडावा लागतो.

आता उणिवा. घोंगडे टोचते. पहिल्या हिवाळ्यात त्याचे केस गळतात, ते काळ्या मोज्यांखेरीज सगळ्यांवर दिसतात, आणि दमट हवेत मेंढीचा वास जाणवतो. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी जावळाचे घोंगडे मागावे. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचे ते असते, हाताला बरेच मऊ लागते आणि अर्थातच महाग पडते. लहान मूल किंवा लोकरीची ॲलर्जी असलेले कोणी घरात असेल तर ते अंगावर घेण्यापेक्षा लाकडी दांडीवर भिंतीला टांगावे. रिकाम्या भिंतीचा घुमणारा आवाज त्याने कमी होतो. दुकानांतल्या पॉलिस्टरच्या मऊ पांघरुणांशी तुलना केली तर स्पर्शात ती सरस आहेत हे मान्य करावे लागेल, परंतु घर तापवणाऱ्या भट्टीच्या गरम हवेने घर कोरडे पडले की त्यांना हात लावताच स्थिर विजेची ठिणगी बसते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, त्यामुळे घोंगड्याच्या बाबतीत हा त्रास आम्हाला बराच कमी जाणवला. सोलापुरी चादरही आमच्याकडे आहे आणि पलंगावर मी तिलाच पसंती देते, पण ती सुती आहे. सोफ्यावर तिला तो भार आणि ती पकड येत नाही.

निगा राखणे सोपे आहे, फक्त गरम पाण्यापासून आणि वॉशिंग मशीनपासून ते दूर ठेवले पाहिजे, नाहीतर लोकर आक्रसून तिचा नमदा, म्हणजे दाटून बसलेला घट्ट थर, होतो. मळ काढण्याची इथल्या थंड प्रदेशातली एक जुनी रीत मला फार आवडली. हवा शून्याच्या बरीच खाली आणि बर्फ कोरडा, भुसभुशीत असेल अशा सकाळी घोंगडे आधी अर्धा तास बाहेर टांगून गार करायचे, म्हणजे त्याच्या उबेने बर्फ वितळत नाही; मग ताज्या बर्फावर पालथे पसरून काठीने झोडपायचे. उचलल्यावर खाली नऊ फूट लांबीचा करडा आयत उमटलेला असतो आणि घोंगडे जवळजवळ कोरडेच हातात येते. आत आणून दोन-तीन तास सावलीत वाळवले की काम झाले. कसर (लोकर खाणारी कीड) लागू नये म्हणून उन्हाळ्यात ते कडुनिंबाच्या पाल्यासह कापडात बांधून ठेवता येते, आणि कसरीची शंका आली तर घट्ट बंद पिशवीत घालून उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे.

खरेदी करताना एक काळजी अवश्य घ्यावी. ‘शुद्ध लोकरीचे घोंगडे’ म्हणून ॲक्रिलिक मिसळलेला, यंत्रावर विणलेला माल सर्रास विकला जातो आणि छायाचित्रावरून फरक कळत नाही. दशीतला एखादा धागा काढून तो चिमट्यात धरून जाळावा : लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटाने चुरडता येणारी राख उरते, ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. गावाकडे कोणी जाणार असेल तर विणकराकडून थेट घ्यावे आणि मापही सांगावे, कारण तयार घोंगडी अंथरायच्या हिशेबाने विणलेली असतात. तीन आसनी सोफ्याच्या पाठीवर नऊ फुटी लांब पडते, दोन आसनींसाठी सहा फूट पुरे, आणि दशा मोकळ्या न ठेवता पीळ देऊन गाठवून मागाव्यात, म्हणजे त्या गुंतत नाहीत.